मदत हवी: हायवेत द्राक्षबाग चाललीये, थांबवायचं कसं?

बागवान_दिंडोरी: मंडळी जरा लवकर सांगा. परवा मोजणीवाले आले, दगड रोवून गेले, दगड बरोबर आमच्या मांडवात. अडीच एकर थॉमसन आहे, आत्ता कुठं नीट माल धरायला लागलीये, काळी जमीन, पुरुषभर खोदलं तरी मुरूम लागत नाही. आणि पलीकडं अख्खा खडकाळ माळ पडलाय, तिकडून न्यायला काय होतं यांना?? हरकत कुठं द्यायची?

गोदाकाठ: कुठला हायवे? नोटीस आली का? कोणत्या कायद्याची? काहीच न सांगता लवकर सांगा म्हणता राव.

सिडकोकर: लॉटरी लागली समजा. बाजारभाव, वर १०० टक्के सोलेशियम (सक्तीनं जमीन घेतल्याची दिलासा रक्कम), वेलींचे पैसे वेगळे. द्राक्षात काय उरतंय आजकाल, एक गारपीट आली की संपलं.

बागवान_दिंडोरी: पैसे विचारले नाहीत मी.

कायदेपंडित: २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम १० वाचा. ओलिताखालची बहुपीक जमीन अगदी शेवटचा पर्याय म्हणूनच घेता येते. सरळ कोर्टात जा.

गोदाकाठ: पंडित, कलम अर्धंच वाचलंत. रस्ते, रेल्वे, कालवे असल्या लांबट कामांना त्याच कलमात सूट दिलीये. उगा वकिलाची फी लावू नका त्यांना.

कायदेपंडित: मग ओझरपासून पिंपळगावपर्यंत सगळी बागायत डांबराखाली घाला, आणि आपण मार्केटला कांदा बाहेरून आणू. कायद्याचा हेतू बघा, पळवाट नको.

गोदाकाठ: हेतू मलाही पटतो, पण प्रांतसाहेब हेतूवर निकाल देत नाहीत.

सोनाका_निफाड: थॉमसनला गोडी छाटणी (फळासाठीची, ऑक्टोबरची) कधी घेतली? आमच्याकडं डाऊनी रोगानं वाट लावली यंदा.

जुना_तलाठी: सातबाऱ्यावर काय लावलंय ते बघा आधी. निम्म्या लोकांची बाग जाग्यावर आणि कागदावर जिरायत बाजरी. विहीर, बोअर, पाइपलाइन, शेततळं, नोंद आहे का? ई-पीक पाहणी, म्हणजे ॲपवर पिकाची नोंद, केली होती का? कागदावर बाग नसेल तर साहेबांच्या लेखी ती नाहीच.

बागवान_दिंडोरी: विहीर आहे नोंदीला, बोअर नाही. पीक पाहणी मागल्या वर्षी राहिली, ॲप चालेना. नोटीस अशी नाही, पेपरात छापून आलंय, आमचा गट नंबर आहे. नॅशनल हायवे ॲक्ट, कलम ३ ए.

गोदाकाठ: हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं ना! इंग्रजीतला छोटा ए, म्हणजे 3(a), की मोठा, म्हणजे 3A? छोट्यानं नुसता अधिकारी नेमतात. मोठा असेल तर २१ दिवसांत ३ सी खाली लेखी हरकत द्यायची, ज्या अधिकाऱ्याचं नाव छापलंय त्याच्याकडं. दिवस राजपत्राच्या तारखेपासून मोजा, पेपरच्या नाही. पुढं कलम ३ डी ची घोषणा झाली की जमीन सरकारची, मग फक्त पैशाचं भांडण उरतं.

बागवान_दिंडोरी: मोठा आहे. पेपर येऊन १२ दिवस झाले.

सिडकोकर: कुंभमेळ्याची कामं चाललीत म्हणून घाई आहे सगळी. २०२७ पर्यंत नाशिकमध्ये गाडी चालवायची सोय नाही, द्वारका चौकात काल ४० मिनिटं अडकलो.

जुना_तलाठी: हरकतीत नुसतं देत नाही असं लिहू नका. माळाचे गट नंबर टाका, गावनकाशावर दुसरी रेघ मारून जोडा, बागेचे फोटो, ठिबकची बिलं. आणि सुनावणी मागा. रेघ हलेलच असं नाही सांगत, पण फाइलीत माळाचा कागद लागला पाहिजे. सातबारा एकट्याच्या नावावर आहे ना?

बागवान_दिंडोरी: नाही, भाऊ आहे सोबत. तो म्हणतो देऊन टाकू, पाथर्डी फाट्याला गाळा घेऊ.

सिडकोकर: शहाणा आहे भाऊ.

गोदाकाठ: भावाची सही लागत नाही, ज्याचा हिस्सा तो स्वतःची हरकत देऊ शकतो. पण सुनावणीत भावानंच समोर संमती दिली तर तुमचं म्हणणं पांगळं होणार, आधी घरात बोला.

बागवान_दिंडोरी: घरात बोलणं बंदच आहे सध्या. उद्या सकाळी तलाठ्याकडून नकाशा घेतो आणि हरकत देऊन येतो. टपालात टाकली तर चालेल का?

जुना_तलाठी: हातानं द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

सोनाका_निफाड: छाटणीचं सांगा ना कोणी.