आईला दुबईला कुठल्या महिन्यात पाठवू? (दमा आहे, बजेट ५ हजार)

कलमवाली_रत्नागिरी: भाऊ दुबईत देऱ्याला असतो, आईला महिनाभर ये म्हणतोय. वय ६८, दमा, सकाळ-संध्याकाळ पंप घेते. प्रश्न दोनच. कुठला महिना बरा, आणि हवा शुद्ध करायचं छोटं मशीन ५ हजारात कुठलं घेऊ? प्लीज बजेटमधलंच सांगा.

आखात_रिटर्न: २२ वर्षं कुवेतला काढलीत, दुबईचं काय घेऊन बसलात. २०१६ च्या जुलैत कुवेतच्या मित्रीबाला ५३.९ डिग्री झालं तेव्हा मी तिथेच. मे २०२२ ला धुळीने विमानं बंद, बाहेर सगळं केशरी, आम्ही खिडक्यांच्या फटीत ओले टॉवेल कोंबून बसलेलो. मशीन घ्यायचं तर २५ हजाराचं घ्या, त्याखालचे नुसते पंखे.

सुंठसाखर: काका, दुबई विचारलंय. आणि ५ हजार.

बरदुबई_गुहागर: ९ वर्षं इथेच आहे. नोव्हेंबर ते मार्चचा मध्य. जानेवारीत दिवसा २४-२५, रात्री १४-१५, आईंना शाल लागेल. जून ते सप्टेंबर ४० च्या वर आणि वाळवंट म्हणून कोरडं असेल हा गैरसमज काढून टाका, समुद्राकाठी आहोत, एसीतून बाहेर पाय टाकला की चष्म्यावर वाफ धरते, रात्री ९ लासुद्धा. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते ३ कामगारांना उन्हात कामाला बंदीच असते. त्यात वायव्येकडून शमाल सुटतो, इराककडची धूळ घेऊन, जून-जुलैत जोर. समोरची बिल्डिंग पुसट होते आणि सकाळी पुसलेल्या बाल्कनीत दुपारी पावलं उमटतात. थंडीत मात्र पहाटे वारा नसतो, धुकं आणि गाड्यांचा धूर खालीच राहतो, तर फिरायला ९ नंतरच पाठवा.

देवगडचा_पेटीवाला: मे! भावाला हापूस मिळेल.

कलमवाली_रत्नागिरी: आमच्याकडे रत्नागिरीचा आहे हो, देवगडवाल्यांनी काळजी करू नये 🙂

देवगडचा_पेटीवाला: रत्नागिरीच्या पेटीत कर्नाटकचा किती असतो ते आधी सांगा.

चिपळूणकर७: पावसाचंही बघा. १६ एप्रिल २०२४ ला अल ऐनकडे २५४ मिमी पडला तर जगभर बातम्या. आमच्याकडे जुलैत एवढा पडला तर शाळेला सुट्टी द्यायची की नाही यावर चर्चा चालते.

मेडिकलवाली: मशीन राहू दे, औषधांचं कोणीच बोललं नाही. डॉक्टरची चिठ्ठी, औषधं मूळ पाकिटातच, पंप हातातल्या बॅगेत. कोडीनवालं खोकल्याचं औषध असेल तर तिथे आधी परवानगी लागते, त्यापेक्षा डॉक्टरांना बदलून मागा.

मालवणी_मिक्सर: मी ४ हजाराचं घेतलं. निळा लाईट छान लागतो, बाकी काय नाय. डब्यावर ‘हेपा टाईप’ होतं, मी ‘टाईप’ वाचलंच नाही. खरा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण धरतो, तो बघा. आणि तिथे चौकोनी तीन पिनांचा प्लग, इथलं मशीन नेऊन अडॅप्टर शोधत बसाल. त्यापेक्षा भावाला एसीची जाळी दर पंधरा दिवसांनी धुवायला सांगा, तिथे उन्हाळ्यात एसी दिवसरात्र चालतो, धूळ सगळी त्यात. धुळीच्या दिवसात खिडक्या बंद, बाहेर एन९५. फुकटात काम.

दापोली_बीच: नोव्हेंबर ते मार्च बेस्ट.

सुंठसाखर: वर सांगितलंय त्यांनी.

दापोली_बीच: मग बरोबरच आहे ना.

कलमवाली_रत्नागिरी: सगळं आईला वाचून दाखवलं. ती म्हणे नोव्हेंबरपासून मोहोर, फवारणी कोण बघणार? मग राखण, मग काढणी, आणि मे संपला की पेरणी. लावणी आटपली की २० जुलैला जाते, गणपतीच्या आधी परत. डॉक्टर म्हणाले दुपारी बाहेर पडायचं नाही, पंप दोन एक्स्ट्रा ठेवा. भावाने जाळी धुतल्याचा फोटो पाठवलाय. मशीन कॅन्सल, त्या पैशात आगळ, कुळथाचं पीठ आणि फणसपोळी.

आखात_रिटर्न: जुलै?? ५३.९ सांगितलं ना!

सुंठसाखर: काका, ते कुवेत.