मदत हवी आहे: पाच आठवड्यांची चिमी (मांजरीचं पिल्लू) बाटली सोडत नाही

नमस्कार मंडळी. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जिन्याखाली सापडली तेव्हा चिमीचे डोळेही उघडले नव्हते. तेव्हापासून मांजरीच्या पिल्लांच्या दूध पावडरीवर वाढवतेय. (गाईचं दूध एकदाच दिलं होतं, दोन दिवस जुलाब. पुन्हा नाही.) आता वजन ४६० ग्रॅम, दाढा फुटताहेत, बाटलीचं निपल चावून चावून फाडलंय. म्हणजे वेळ झालीय ना?

पिल्लांचं ओलं खाणं त्याच दुधात कालवून बशीत देते. ती वास घेते, त्यात पाय बुडवते, मिशांना लागलेलं झटकते आणि माझ्या मांडीवर चढून बाटलीसाठी ओरडते. बोटावर घेऊन ओठांना लावलं तर दोन-तीनदा चाटते, बस. काल बाटली उशिरा दिली तर इतकी रडली की मलाच राहवलं नाही. उपाशी ठेवायचं नाहीये मला, एवढ्याशा जिवाला ते झेपणार नाही.

त्यात नागपूरचा मे महिना. कूलर लावूनही कालवलेलं खाणं लवकर आंबतं, अर्ध्या तासात फेकावं लागतं.

कोणती बाटली आधी कमी करू, दिवसाची की रात्रीची? बिनमिठाचं उकडलेलं चिकन बारीक वाटून आत्ताच थोडं मिसळलं तर चालेल का? ज्यांनी आईविना पिल्लू वाढवलंय त्यांनी प्लीज सांगा.