मदत हवी आहे: विज्ञानप्रयोगांचे व्हिडिओ मुलाला दाखवण्यापूर्वी कसे पारखावेत?

नमस्कार. माझा मुलगा पाचवीत आहे आणि दिवाळीच्या सुट्टीपासून त्याला यूट्यूबवरील विज्ञानप्रयोगांचे वेड लागले आहे. कार्टूनपेक्षा हे बरे, असे म्हणत आम्ही घरातले सगळेच त्याचे कौतुक करत होतो. मागच्या महिन्यात जे घडले त्यानंतर मात्र तो निर्धास्तपणा उरलेला नाही.

सासूबाईंच्या कपाटात टाचांच्या भेगांसाठी ग्लिसरीन असते आणि पावसाळ्यात चिखल्या झाल्या की पाय बुडवण्यासाठी आणलेली पोटॅशियम परमँगनेटची पुडीही असते. चिरंजीवांनी व्हिडिओत पाहिल्याप्रमाणे या दोन्ही वस्तू गॅलरीत एका स्टीलच्या ताटलीत एकत्र केल्या. काहीच होईना, म्हणून तो ताटलीवर वाकून पाहू लागला. तेवढ्यात आजीने दुधासाठी हाक मारली, तो वळला आणि पाठीमागे भडका उडाला. पायपुसणे जळाले आणि डोक्यामागचे थोडे केस होरपळले, एवढ्यावर निभावले.

रात्री मी तो व्हिडिओ नीट पाहिला. ग्लिसरीनचे थेंब पडतात आणि पुढच्याच क्षणी जांभळट ज्वाळा दिसतात. मधला वाट पाहण्याचा वेळ कापून टाकलेला होता, आणि नेमक्या त्याच वेळात माझा मुलगा ताटलीवर वाकला होता. ‘मोठ्यांच्या देखरेखीखाली करावे’ ही सूचना होती, पण ती तळाशी, बारीक अक्षरांत, इंग्रजीत आणि जेमतेम दोन सेकंद.

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे असून दहावीनंतर रसायनशास्त्राशी माझा संबंध आलेला नाही. यजमान फिरतीवर असतात. त्यामुळे व्हिडिओ सुरक्षित आहे की नाही, आणि त्यात सांगितलेले विज्ञान तरी खरे आहे की नाही, हे माझ्यासारखीने कशावरून ओळखावे? सरसकट बंदी घालण्याचा विचार मनात आला होता, परंतु ज्या उत्साहाने तो प्रयोगांची वही लिहितो ती पाहिल्यावर धीर होत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, मुलाला इजा झाली नाही हे वाचून हायसे वाटले. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. आपण स्वतःच मुद्द्यावर बोट ठेवले आहे: व्हिडिओत काय दाखवले यापेक्षा काय कापले हे आधी पाहावे. फसलेला प्रयत्न, थांबण्याचा वेळ, उरलेल्या द्रावणाची विल्हेवाट आणि करणाऱ्याच्या डोळ्यांवरचा चष्मा यांपैकी काहीच दिसत नसेल, तर तो व्हिडिओ करमणुकीचा समजावा. पाहायला हरकत नाही, करायला आहे.

दुसरे म्हणजे द्रावणाची तीव्रता. ‘हत्तीची टूथपेस्ट’ या प्रयोगात फेसाचे उंच कारंजे उडते ते बहुधा तीस टक्क्यांच्या आसपासच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे, आणि ते कातडी भाजते. आपल्याकडे औषधाच्या दुकानात साधारणतः सहा टक्क्यांचे मिळते. यीस्ट घालून त्याचा फेस होतो, परंतु कारंजे उडत नाही, आणि हिरमुसलेले मूल मग अधिक तीव्र द्रावणाच्या शोधात निघते. सहा टक्क्यांचे द्रावणही डोळ्यांत जाता कामा नये. व्हिडिओ तीव्रतेचा आकडा सांगत नसेल, तर तो तिथेच बाद करावा.

ज्यात वायू तयार होतो आणि झाकण घट्ट लावायला सांगितले जाते, असा कोणताही प्रयोग नको. मग तो कोरड्या बर्फाचा असो वा संडास साफ करण्याचे ॲसिड आणि ॲल्युमिनियमचा कागद यांचा. तेच ॲसिड ब्लीचमध्ये मिसळले की क्लोरीन वायू निघतो, हे तर मोठ्यांनाही ठाऊक नसते. पानाच्या डब्यातील चुना मुलांना निरुपद्रवी वाटतो, पण त्याची पुडी दाबताना चुना डोळ्यांत उडून बुबुळ भाजते. असे झाल्यास डोळा चोळू न देता तत्काळ भरपूर वाहत्या पाण्याने किमान पंधरा ते वीस मिनिटे धुवावा आणि लगेच नेत्रतज्ज्ञ गाठावा.

खरेखोटेपणाबद्दल एक मासला देतो. पेटत्या मेणबत्तीवर पेला पालथा घातला की ताटलीतील पाणी आत चढते, आणि ‘ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली’ असे निवेदक ठणकावून सांगतो. प्रत्यक्षात पाणी मुख्यतः ज्योत विझल्यानंतर झपकन चढते, कारण आतील तापलेली हवा थंड होऊन आकसते. मुलाला एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावून पाहू द्या. पेला तोच, हवा तेवढीच, तरी पाणी जास्त चढेल. (अर्थात, आपण शेजारी बसूनच!) कांद्यावर मोबाइल चार्ज करणारे व्हिडिओ मात्र शुद्ध बनवाबनवी असते. जस्त-तांब्याच्या पट्ट्या खोचलेल्या लिंबातून जेमतेम एक व्होल्टपर्यंत दाब आणि नगण्य प्रवाह मिळतो; मोबाइलला पाच व्होल्ट आणि त्याच्या शेकडो पट प्रवाह लागतो.

प्रतिसाद २

‘मुलांसाठी’ या शिक्क्यावर विसंबू नये. व्हिडिओ बालप्रेक्षकांसाठी आहे एवढाच त्याचा अर्थ आहे; प्रयोग कुणी तपासला आहे असा नव्हे. अशा व्हिडिओंखाली टिप्पण्याही बंद असतात, आणि 2021 पासून नापसंतीचा आकडाही दिसत नाही, त्यामुळे आधीच्या पालकांचा अनुभव कळण्याचे मार्गच उरत नाहीत. यूट्यूब किड्समध्ये पालकांनी निवडलेलेच व्हिडिओ दिसतील अशी सोय आहे. सुरुवात अरविंद गुप्ता यांच्या टाकाऊतून खेळणी या मालिकेने करावी; त्यातील बरेच व्हिडिओ मराठीतही आहेत आणि साहित्य काडेपेटी, सायकलची ट्यूब, स्ट्रॉ एवढेच असते.

प्रतिसाद ३

थोडे वेगळे मत मांडतो. निवड फक्त आईने केली, तर मुलगा मित्राच्या घरी जाऊन हवे ते पाहील. पारखण्याचे काम त्याच्याचकडे द्या. व्हिडिओ थांबवून ‘इथे काय कापले असेल?’ असे विचारा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी मेणबत्तीचा प्रयोग सासूबाईंच्या देखत केला. तीन मेणबत्त्यांना पाणी एकीपेक्षा साधारण बोटभर जास्त चढले, तेव्हा चिरंजीवांनी वहीतील जुने स्पष्टीकरण खोडून समासात ‘दादा चुकला’ असे लिहिले. हा दादा म्हणजे तो व्हिडिओवाला. परमँगनेटची पुडी आता कुलपात आहे. एकच विचारायचे राहिले: दहा वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यावर नीट बसेल असा, बाजू बंद असलेला संरक्षक चष्मा कोठे मिळतो? हार्डवेअरच्या दुकानातील चष्मा त्याच्या नाकावरून घसरतो.