पहिलंच सेमिस्टर परदेशात: कोकणातून गेलेल्यांनो, अनुभव लिहा

रत्नागिरीची मावशी

माझ्या बहिणीची मुलगी यंदा बारावी झाली. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात ऍडमिशन मिळालीय, पण ते म्हणतात पहिलं सेमिस्टर लंडनला करा आणि जानेवारीत इकडे या. म्हणजे बारशाला एक गाव आणि नांदायला दुसरं. घरात दोन तट पडलेत. तिची आजी म्हणते गणपतीच्या तोंडावर सगळं जग कोकणात येतं आणि तुम्ही पोरीला बाहेर काढता. मुलगी मुंबईतसुद्धा आठ दिवसांच्या वर राहिलेली नाही. एजंट आणि यूट्यूबवाले भरपूर बोलतात, मला ते नकोय. इथल्या घरातून उठून थेट तिकडे गेलेल्यांचे पहिले चार महिने कसे गेले ते लिहा. देश कुठलाही चालेल.

हापूसवाला

मावशी मी देवगडचा, २०२३ ला अगदी हेच केलंय, लंडन आणि मग अमेरिका, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी व्हिसाचं. चार महिन्यांचंच शिक्षण म्हणून माझा ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा होता. त्यावर सहा महिन्यांपर्यंत शिकता येतं पण काम एक तासही करता येत नाही. पूर्ण कोर्सला स्टुडंट व्हिसावर येणारे आठवड्याला वीस तास काम करतात, ते ऐकून आमच्याकडे सगळ्यांनी गृहीत धरलेलं की पोरगा हातखर्च काढेल. कसला काढतोय. लंडनमध्ये चार महिने नुसते पैसे जात होते, येत काहीच नव्हते, आणि प्रत्येक पौंडाला शंभरने गुणायची सवय नोव्हेंबरपर्यंत सुटली नाही. बसचं भाडं १.७५ पौंड होतं आणि पहिल्यांदा बसमध्ये कार्ड टेकवल्यापासून तासाभरात दुसरी बस पकडली तर फुकट, हे कळल्यावर मी सगळी कामं तासात बसवायला शिकलो. भूमिगत रेल्वेने फक्त आईबाबांना फोटो पाठवायला गेलो असेन.

अमेरिकेचा व्हिसा वेगळा. जानेवारीसाठीचं आय-ट्वेंटी (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म), सेव्हिसची म्हणजे तिकडच्या सरकारी विद्यार्थी-नोंदणीची ३५० डॉलर फी, आणि इंटरव्ह्यू मुंबईत बीकेसीला, अमेरिकन वकिलातीत. डिसेंबरात घरी यायचं, इंटरव्ह्यू द्यायचा, पासपोर्ट परत हातात यायची वाट बघायची आणि जानेवारीत उडायचं. मधे तीन-साडेतीन आठवडे मिळतात. मी तारीख लंडनला जायच्या आधीच घेऊन ठेवली होती म्हणून वाचलो. बॅचमधल्या एकाने नोव्हेंबरात शोधायला घेतली, त्याला सोयीची मिळालीच नाही आणि तो कॉलेज सुरू झाल्यावर उशिरा पोचला. भाचीला हे आजच सांगा, सामान नंतर भरा.

दुसरं क्रेडिटचं. लंडनला घेतलेला गणिताचा पेपर तिकडे मेजरमध्ये, म्हणजे मुख्य विषयात धरतील असं मला तोंडी सांगितलेलं, धरला इलेक्टिव्ह म्हणजे ऐच्छिक म्हणून. पुन्हा तसाच पेपर द्यावा लागला, पुन्हा पैसे. कुठला विषय कशाच्या बदल्यात धरणार ते ईमेलवर लिहून घ्यायचं. सातबाऱ्याला जेवढी काळजी घेतो तेवढी इथे घ्या.

आणि जे कोणी सांगत नाही ते म्हणजे जानेवारी. लंडनमध्ये आम्ही सगळेच नवे होतो, एकमेकांना धरून होतो, मजा आली. अमेरिकेत पोचलो तर तिकडच्या पोरांचे ग्रुप ऑगस्टमध्येच जमलेले, होस्टेलच्या खोलीत माझा पलंग म्हणजे कोणीतरी सोडून गेलेला, रूममेटने त्यावर स्वतःचे कपडे टाकलेले. बाहेर गुडघाभर बर्फ. दुसऱ्यांदा पहिला दिवस. लंडनला रडलो नव्हतो, तिकडे रडलो, खोटं कशाला सांगू. शेवटी आम्ही लंडनवालेच एकत्र जेवायचो, मार्चपर्यंत तसंच चाललं. अजूनही माझे जवळचे मित्र तेच आहेत.

वाशिष्ठीकाठची

चिपळूण. जर्मनी, २०२१ चं विंटर सेमिस्टर, ते ऑक्टोबरात सुरू होतं. बारावीनंतर इथे इंजिनीअरिंगचं एक वर्ष केलेलं (ऑनलाइनच, कोरोना), त्यामुळे श्टुडिएनकोलेगचं, म्हणजे बाहेरच्या विद्यार्थ्यांच्या तयारीचं एक वर्ष वाचलं आणि थेट बॅचलर्सला घेतलं.

२२ जुलैला पूर आला. आमचं घर बाजारपेठेकडे, तळमजला गेलाच, पाणी जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत. माझी फाईल खालच्या कपाटात होती. दहावी बारावीची मार्कशीट, पहिल्या वर्षाचे निकाल, जर्मन भाषेचं सर्टिफिकेट, सगळं चिखलात. बाबा दुकानातला गाळ काढत होते आणि मी गच्चीवर कागद वाळत घालत होते, एकेक पान सुटं करून, वर लाद्यांचे तुकडे ठेवून. बारावीचं मार्कशीट सोडवताना मधोमध फाटलं. डुप्लिकेटसाठी रत्नागिरीला कोकण बोर्डात गेले तेव्हा काऊंटरच्या बाईंनी कागद बघितला, मला बघितलं आणि चिपळूण का एवढंच विचारलं.

व्हिसासाठीच्या ब्लॉक्ड अकाऊंटला तेव्हा १०,३३२ युरो लागायचे, आता ११,९०४ झालेत. वर्षाचा खर्च आधी भरून ठेवायचा आणि दर महिन्याला ठरलेली रक्कम आपल्याला मिळते. दुकान चिखलात असताना हे पैसे उभे करायचे म्हणजे काय ते मी लिहीत नाही. आईच्या पाटल्या गेल्या त्यात.

तिकडे गेल्यावर पहिलं काम म्हणजे पत्ता नोंदवणं, आनमेल्डुंग, त्याच्याशिवाय पुढचं कुठलंच काम हलत नाही. मी शनिवारी रात्री पोचले, रविवारी सगळी दुकानं बंद, सोमवारपर्यंत आईने दिलेल्या पोह्याच्या चिवड्यावर होते. परीक्षेचं पण एक लिहिते कारण त्यात मी फसले: नुसती फी भरून वर्गात बसलं म्हणजे परीक्षेला बसता येतं असं नाही, प्रत्येक विषयाच्या परीक्षेला वेगळी नोंदणी करावी लागते आणि तिची मुदत असते. माझा एक विषय असाच गेला. तिमाही सहामाही काही नाही, माझ्या बहुतेक विषयांचा निकाल फेब्रुवारीतल्या एकाच पेपरवर.

एक आठवण. लॅबमधल्या मुलीने विचारलं तुझं गाव कसं आहे, मी म्हटलं जुलैमध्ये बुडालं. ती म्हणाली आमचं पण. तिची आजी अहर नदीच्या खोऱ्यातली, तिकडे १४-१५ जुलैला पूर आलेला, आमच्या आधी आठवडाभर. मग आम्ही दोघी फोन काढून भिंतीवरच्या चिखलाच्या रेषा एकमेकींना दाखवत बसलो. प्रॅक्टिकल राहिलं त्या दिवशी.

डॉक्टर होऊ घातलेला, खेड

बिश्केक, किर्गिझस्तान, २०२२, एमबीबीएसला. दिल्लीहून विमान चार तासांच्या आत उतरवतं. खेडहून मुंबईला पोचायला आम्हाला त्याहून जास्त वेळ लागला, हायवेचं काम, आणखी काय.

एजंटने सांगितलेलं इंडियन मेस आहे. होती. बटाटा. सकाळी बटाटा, रात्री बटाट्याचा भाऊ. आणि मासळीचं नाव नाही, चहूबाजूंनी जमीन आहे तिथे मिळणार कुठून. पहिल्या सेमिस्टरला ऍनाटॉमी, हिस्टॉलॉजी, आणि भाषा शिकावीच लागते कारण वर्गात इंग्लिश असलं तरी पुढे पेशंट इंग्लिश बोलत नाही. आम्ही सगळे भाषेच्या तासाला झोपा काढायचो, तिसऱ्या वर्षी वॉर्डात गेल्यावर बोंब.

एमबीबीएसला जाणाऱ्यांनी एजंटचं न ऐकता एनएमसीचे (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे) २०२१ चे नियम स्वतः वाचा. कोर्स किमान ५४ महिन्यांचा, शिकवणं इंग्लिशमध्ये, इंटर्नशिप १२ महिन्यांची आणि तीही त्याच संस्थेत, आणि नीटची परीक्षा पास असायलाच हवं. माझ्या एजंटने यातलं एक वाक्य सांगितलं नव्हतं, बाबांनी पेपरात वाचलं.

नोव्हेंबरात सीनियर्स इस्सिक-कुल तलावावर घेऊन गेले. एवढा मोठा की पलीकडचा काठ धड दिसत नाही, फक्त वर बर्फाचे डोंगर. थंडीत पण गोठत नाही म्हणे. मी बोट बुडवून चाखलं तर किंचित खारट. हर्णै बंदराची आठवण झाली आणि तिथेच उकिडवा बसून राहिलो बराच वेळ, सीनियरला वाटलं पोटात दुखतंय.

झिलाचो बापूस नाय, चेडवाचो

मी वेंगुर्ल्याचा. मुलगी आयर्लंडला, डब्लिनला, २०२४. मुलं लिहितायत तर बापाने पण लिहावं म्हटलं.

लोनसाठी बँकेत गेलो. साडेसात लाखांच्या वर तारण पाहिजे. म्हटलं कलमं आहेत, काजू आहे, घर आहे. शेतजमीन चालत नाही म्हणाले. घर तर सामाईक, सातबाऱ्यावर चौदा नावं, त्यातली पाच वारलेली, दोन भांडणारी. शेवटी मेव्हण्याने डोंबिवलीचा फ्लॅट ठेवला. त्याने एक शब्द विचारला नाही, त्याच्या बायकोने विचारला, तेही बरोबरच. आणि पैसे बाहेर पाठवताना टीसीएस म्हणजे आगाऊ आयकर कापतात, तेव्हा सात लाखांच्या वर स्वतःचे असतील तर पाच टक्के, लोनचे असतील तर अर्धा टक्का, आता ते नियम सैल झालेत. कापलेले रिटर्न भरल्यावर वळते झाले, पण ऐन वेळी तेवढी रक्कम जास्तीची उभी करावी लागते हे लक्षात असू द्या.

गणपती ७ सप्टेंबरला होते, ती २ तारखेला निघाली. कुडाळ स्टेशनला मुंबईहून येणारी गाडी लागली तर दरवाजातून माणसं सांडत होती, डोक्यावर बोचकी, पोरं खिडकीतून बाहेर. आणि आमची मुंबईकडे जाणारी गाडी रिकामी. अख्ख्या डब्यात आम्ही तिघं आणि एक टीसी. टीसी म्हणाला, काय हो, उलटे खय चाललास? तिची आई तेव्हा पहिल्यांदा रडली.

चतुर्थीला सकाळी आठला प्राणप्रतिष्ठा, तिच्याकडे साडेतीन वाजलेले, ती उठून व्हिडिओवर बसली. संध्याकाळच्या आरतीला ती कॉलेजात. पण विसर्जनाच्या दिवशी नेमकं नेटवर्क गेलं, पाऊस तुफान. तिने तिकडे मोबाईलवर आरती लावून एकटीनेच म्हटली असं नंतर कळलं. माझी आई तिला फोनवर एकच विचारायची, गो बाय, जेवलंस काय, थंय पावस आसा काय? पाऊस तर डब्लिनला होताच, आमच्यासारखा धो धो नाही, दिवसभर नुसता चावत राहतो म्हणाली.

परत आलेला

सगळे जमलं जमलं लिहितायत तर एक न जमलेलं पण असू दे.

श्रीवर्धन. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमची सुपारीची वाडी आडवी झाली. सुपारीचं रोप लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षं. बाबा म्हणाले आता इथे काही नाही, तू जा. २०२२ च्या जानेवारीत कॅनडा. कॉलेजचं नाव घेत नाही. कोर्स मी निवडलेला नव्हता, ज्यात सीट होती तो होता. बेसमेंटमध्ये सहा जण, जमिनीच्या वर फक्त खिडकी, आणि तिच्यातून बर्फ दिसायचा, म्हणजे बर्फच दिसायचा, बाकी काही नाही. काम मिळालं, गोदामात, रात्रीचं. सकाळी वर्गात डुलक्या. मार्चमध्ये एकदा चार दिवस मी कोणाशीच बोललो नाही आणि ते माझ्या पाचव्या दिवशी लक्षात आलं. सेमिस्टर पूर्ण केलं, पास झालो, आणि मे महिन्यात परत आलो.

मी आजारी पडलो असं घरच्यांनी वाडीत सांगितलं. वर्षभर लग्नाकार्याला गेलो नाही. फीचे पैसे परत मिळाले नाहीत, खर्चासाठी बँकेत गुंतवून ठेवलेल्या दहा हजार डॉलरमधले उरलेले मिळाले, त्याला पण तीन महिने लागले. कर्ज अजून फेडतोय. पुढे इथेच बी.एस्सी. केलं, आता वाडी बघतो, वादळानंतर लावलेली झाडं चांगली मोठी झालीत.

मावशी, भाचीला पाठवा, पण परत यायचं झालं तर कोणाला फोन करायचा ते जायच्या आधी ठरवून ठेवा. मला बाबांना सांगायला दीड महिना लागला.

सुकटबाई

परत आलेल्या दादा, आमच्या आळीत पण दोन आहेत असे. एकाचं लग्न पण झालं, लाजायचं काय त्यात.

माझं फक्त सामानाचं. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही, तेलामुळे पेट घेतं म्हणून बंदी आहे. मला मुंबई विमानतळावर बॅग उघडून काढायला लावलं, सोबत आईने शिवलेलं अख्खं गाठोडं सुटलं. खोबरं भाजून मसाल्यातच वाटून न्या. युरोपात पेढे, खरवस, दुधाचं काही नेऊ नका, नियमात बसत नाही, पण मासळी माणशी वीस किलोपर्यंत चालते! डोळे फाडून दोनदा वाचलं होतं मी ते. लंडन-अमेरिकेचं वेगळं बघून घ्या. आमसुलं, मालवणी मसाला बिनधास्त. कुकर छोटाच न्या, शिट्टी वेगळी कागदात गुंडाळून, माझी हरवली आणि चार महिने वरण बाजूच्या खोलीतल्या नेपाळी मुलीच्या कुकरात.

रत्नागिरीची मावशी

सगळ्यांचं तिला वाचून दाखवलं. हापूसवाल्याचं ऐकून लगेच बीकेसीच्या तारखा बघायला बसली. परत आलेल्याचं वाचताना मधेच उठून गेली, मग येऊन म्हणाली मावशी, मी तुलाच फोन करणार हां, आईला नाही. हो म्हटलं. आजी अजून घुश्शात आहे पण सकाळपासून आमसुलं उन्हात घालून राखण करत बसलीय. सुकटबाई, आगळाची बाटली गळू नये म्हणून काय करता? मागच्या वेळी पुण्याला नेली होती तर सगळी चादर लाल.

सुकटबाई

झाकणाखाली प्लास्टिक, वर चिकटपट्टी, मग दोन पिशव्या, मग जुन्या टॉवेलात. आणि बाटली पाऊणच भरा.