विवाहाच्या कायद्यात धर्माचा शब्द किती चालावा?

मूळ लेखन

समलिंगी जोडप्यांच्या विवाहाला कायद्याने मान्यता द्यावी का, हा इथला प्रश्न आहे. कोणाचा विवाह पवित्र मानायचा हे धर्मसंस्थेने खुशाल ठरवावे, त्यात राज्याने ढवळाढवळ करू नये. परंतु वारसा, निवृत्तिवेतन आणि दत्तक यांचे नियम करताना राज्याने दिलेले कारण, तो धर्म न मानणाऱ्या नागरिकालाही तपासून पाहता आले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या संमतिपत्रावर ‘रुग्णाशी नाते’ असा एक रकाना असतो. आयुष्यभर एकत्र संसार केलेल्या दोन स्त्रियांपैकी एकीने तिथे ‘मैत्रीण’ लिहायचे आणि सहीसाठी वर्षानुवर्षे न भेटलेल्या पुतण्याची वाट पाहायची, याचे समर्थन धर्माज्ञेखेरीज कशाने होते? फ्रान्समध्ये १७९२ साली विवाह नागरी अधिकाऱ्यापुढे आला. धार्मिक विधी करायचा असल्यास आजही नागरी विवाह आधी व्हावा लागतो. त्याने तिथला धर्म बुडालेला नाही.

प्रतिसाद १

राज्य तटस्थ असू शकते हे आपले गृहीतकच मला मान्य नाही. एका वेळी एकच जोडीदार, निषिद्ध नाती, परस्परांच्या निर्वाहाची जबाबदारी हे सारे कायद्याने बव्हंशी धर्मपरंपरेतूनच उचलले आहे. विवाह हा दोघांपुरता करार नसून पुढच्या पिढीला आई आणि वडील या दोघांशी बांधून ठेवणारी संस्था आहे, अशी कोट्यवधी लोकांची श्रद्धा आहे, आणि मतदार म्हणून ती उंबऱ्याबाहेर ठेवा असे त्यांना सांगणे हा अन्यायच आहे. शिवाय समलिंगी विवाहाला मान्यता देण्याएवढा बदल करायचा कोणी? अमेरिकेत २०१५ साली तो ५ विरुद्ध ४ न्यायमूर्तींच्या मताने झाला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी हा विषय कायदेमंडळाचा मानला, ते योग्यच झाले. संमतिपत्राची अडचण खरी आहे, पण तिच्यासाठी अशा जोडप्यांची विवाहाहून वेगळी, स्वतंत्र नोंदणी पुरेशी आहे.

मूळ लेखकाचे उत्तर

नियम धर्मातून आला म्हणून तो त्याज्य ठरतो, असे मी म्हटलेले नाही. तो धर्मातून आला एवढ्यावर टिकू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या एका न्यायाधीशाने देवाने वेगवेगळ्या वंशांना वेगवेगळ्या खंडांत ठेवले असे कारण देऊन आंतरवंशीय विवाह हा गुन्हा ठरवणारा कायदा उचलून धरला होता, आणि तो कायदा १९६७ साली रद्द झाला. त्या न्यायाधीशाची श्रद्धाही प्रामाणिकच असेल. अपत्याचा मुद्दा घेतला, तर उतारवयात विवाह करणाऱ्या स्त्री-पुरुषांना कोणताही कायदा अडवत नाही. स्वतंत्र नोंदणी नेदरलँड्सने १९९८ साली करून पाहिली, तरीही १ एप्रिल २००१ पासून तिथे विवाहच सर्वांना खुला करण्यात आला. आणि लोकांनीच ठरवायचे असेल, तर १९९५ पर्यंत संविधानानेच घटस्फोटाला बंदी असलेल्या आयर्लंडमध्ये २०१५ च्या सार्वमतात सुमारे ६२ टक्के मतदारांनी समलिंगी विवाहाला होकार दिला.

प्रतिसाद २

मी स्वतः श्रद्धाळू आहे आणि तरीही मूळ लेखनाशी सहमत आहे. स्वीडनचे चर्च २००९ पासून समलिंगी जोडप्यांचे विवाह लावते. असा विवाह नाकारणारा कायदा धर्माचे रक्षण करत नसतो, तर दोन धार्मिक मतांपैकी एकावर सरकारी शिक्का मारत असतो. उद्या तोच शिक्का माझ्या पंथाविरुद्धही वापरला जाईल, याची मला अधिक धास्ती वाटते.

प्रतिसाद १ चे पुढील म्हणणे

आयर्लंडचा दाखला मला मान्य आहे. तिथे लोकांना विचारले गेले. परंतु सदसद्विवेकाचे काय? अमेरिकेतील केंटकी राज्यात २०१५ साली विवाहाचे परवाने देण्यास श्रद्धेपोटी नकार देणाऱ्या एका अधिकारी स्त्रीला तुरुंगात जावे लागले.

मूळ लेखकाचे उत्तर

पुढच्याच वर्षी त्या राज्याने परवान्यावरून अशा अधिकाऱ्याचे नाव काढून टाकले. तिच्या मनावरचा भार उतरला आणि जोडप्यांचे कामही अडले नाही. डेन्मार्कमध्ये २०१२ पासून चर्चमध्ये असे विवाह होतात, पण एखाद्या धर्मगुरूला ते लावायचे नसतील तर त्याच्यावर सक्ती नाही. धर्मगुरूला ही मोकळीक हवीच, आणि ती कायद्यात लिहून द्यावी. सार्वजनिक पगारावर खिडकीत बसलेल्या माणसाला मात्र समोरच्या नागरिकाला परत पाठवण्याचा अधिकार मी देणार नाही; त्याच्या जागी दुसरा कर्मचारी बसवणे ही कार्यालयाची जबाबदारी आहे.