शब्दचर्चा: प्रतिलोहचुंबक, स्पिनची नक्षी आणि भोवरा हाकायचा की सरकवायचा

ऐरोलीकर:
आमच्या सोसायटीत गणपतीत मुलांचं विज्ञान प्रदर्शन असतं, यंदा सगळे फलक मराठीतच हवेत असं कमिटीने ठरवलं आणि भाषांतराचं लोढणं माझ्या गळ्यात आलं. बारावीतल्या एका पोराने विषय घेतलाय, अँटिफेरोमॅग्नेटिक पदार्थातली टोपोलॉजिकल स्पिन टेक्श्चर्स करंटने कशी कंट्रोल करतात. मी केलेलं मराठी असं: "प्रतिलोहचुंबकी पदार्थांतील संस्थितिक परिवलन-पोतांचे विद्युतप्रवाहाद्वारे नियंत्रण". हे वाचून आरतीला आलेला माणूस प्रसाद न घेताच घरी जाईल. सुचवा काहीतरी.

तलावपाळी:
घोळ 'प्रति'पासूनच आहे. वडाळ्याला प्रतिपंढरपूर म्हणतात ते पंढरपूरच्या विरोधात आहे म्हणून का? तिथे प्रति म्हणजे दुसरं, तसंच. आणि प्रतिस्पर्ध्यात प्रति म्हणजे समोरचा. मग प्रतिलोहचुंबक वाचून एकाला वाटणार डुप्लिकेट चुंबक, दुसऱ्याला वाटणार लोखंडाला ढकलणारा चुंबक, आणि तो यातलं काहीच नाहीये. साध्या चुंबकात शेजारशेजारचे अणू एकाच दिशेला तोंड करून असतात, यात एक वर एक खाली, परत एक वर एक खाली, त्यामुळे आतमध्ये सगळं शिस्तीत असूनही बाहेरून बेरीज शून्य, टाचणीसुद्धा चिकटत नाही. लुई नील या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात हे मांडलं, त्यांना १९७० चं नोबेल मिळालं, आणि नोबेलच्या भाषणात स्वतःच म्हणाले की थिअरी म्हणून झकास आहे पण उपयोग काही दिसत नाही. नंतर हार्ड डिस्कच्या हेडमध्ये हेच पदार्थ जाऊन बसले, ते सोडा.

नेरुळ सेक्टर:
मग 'उलटसुलट चुंबक' म्हणा की, सोपं पडेल.

तलावपाळी:
उलटसुलट म्हणजे गोंधळ हो, उलटसुलट चर्चा, उलटसुलट बातम्या. इथे तर कडक शिस्त आहे. दिवसाआड पाणी म्हणतो तसं 'एकाआड एक उलटा' म्हटलं तर ठाण्यात कोणालाही समजावून सांगावं लागणार नाही. शब्द प्रतिलोहचुंबकच ठेवा, छापील पुस्तकात मुलाला तोच भेटेल, पण त्याच्या खालच्याच ओळीत हे लिहा.

ऐरोलीकर:
ओके घेतलं. परिवलन?

नेरुळ सेक्टर:
परिवलन काढाच, पृथ्वी फिरते तसं काहीतरी गरगर फिरतंय असं वाटतं. स्पिन ठेवा, प्रत्येक अणूचा एक बाण समजायचा. टेक्श्चरला पोत नको, पोत साडीचा, हात लावून कळतो. हे बाण जागोजागी कुठल्या दिशेला वळलेत त्याचं चित्र आहे, त्याला नक्षी म्हणा.

तलावपाळी:
नक्षी आवडली. आणि टोपोलॉजिकल साठी संस्थितिक वगैरे लिहून कोणाचं भलं होणार नाहीये, मी तर सरळ डोक्यावरचा भोवरा दाखवीन. कितीही तेल लावा, कुठल्याही बाजूला भांग पाडा, भोवरा जातो का? इकडून तिकडे झुकेल पण विंचरून पुसता येत नाही, टोपोलॉजिकल म्हणजे एवढंच. (दोन भोवरे असले तर दोन लग्नं म्हणतात, तो भाग फलकावर नको.) या चुंबकी भोवऱ्यांना स्किर्मिऑन म्हणतात, टोनी स्कर्म या ब्रिटिश शास्त्रज्ञावरून, त्यांनी १९६० च्या सुमारास अणुकेंद्रासाठी ही कल्पना काढली होती आणि मॅंगनीज सिलिसाइडमध्ये चुंबकी स्किर्मिऑन दिसले ते २००९ मध्ये.

खाडीपलीकडचा:
एक खोट काढतो. डोक्याच्या भोवऱ्यात मधोमध टाळू दिसते, तिथे केसाला दिशाच नाही. स्किर्मिऑनमध्ये मधोमधही बाण असतो, फक्त कडेच्या बाणांच्या बरोबर उलटा, आणि मधून कडेपर्यंत हळूहळू वळत जातो, भोक कुठेच पडत नाही. भोवरा शब्द चालेल पण चित्रात मधला बाण ठळक काढायला सांगा पोराला.

ऐरोलीकर:
सांगतो. आता क्रियापद राहिलं. मी 'करंटने भोवरे हाकणे' लिहिलंय.

खाडीपलीकडचा:
हाकणे नको. हाकताना बैल स्वतः चालतो, इथे अणू जागचा हलत नाही, प्रत्येक बाण थोडा वळतो आणि त्यामुळे नक्षी पुढे जाते. शिवाय पीळ देणारा करंट बऱ्याचदा चुंबकी थरातला नसतोच, खालच्या किंवा वरच्या प्लॅटिनमच्या थरातला असतो, तिथे वर-स्पिनवाले आणि खाली-स्पिनवाले इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या बाजूंना जातात, त्यातले एका प्रकारचे चुंबकी थराच्या तोंडाशी जमा होऊन बाणांना पीळ देतात. म्हणून 'करंटच्या पिळाने भोवरा सरकवणे'. पीळ शब्द सोडू नका, टॉर्कला इतका नेमका शब्द फुकट मिळतोय.

नेरुळ सेक्टर:
पण मग प्रतिलोहचुंबकच कशाला, साध्या चुंबकात भोवरे सरकत नाहीत का?

खाडीपलीकडचा:
सरकतात, पण सरळ नाही जात. पट्टीवर पुढे ढकलावं तर तिरके जाऊन कडेला लागतात आणि कडेला लागले की पुसलेही जाऊ शकतात. २०१७ मध्ये हे प्रयोगात दिसलं, स्किर्मिऑन हॉल परिणाम. एकाआड एक उलट्या रचनेत खरं तर दोन भोवरे एकमेकांत बसलेले असतात, एकाला डावीकडे ओढ तर दुसऱ्याला उजवीकडे, ओढ कटते आणि जोडी सरळ जाते. मधे रुथेनियम या धातूचा पातळ थर घालून कोबाल्टचे दोन थर एकमेकांच्या उलट बांधले की असा पदार्थ हाताने बनवता येतो, आणि अशाच थरांमध्ये २०२४ मध्ये सेकंदाला ९०० मीटरपर्यंतचा वेग दाखवलाय. भोवरा आहे म्हणजे १, नाही म्हणजे ०, अशी मेमरी करायचा बेत आहे सगळा.

तलावपाळी:
फलकाशेजारी वाटीत गेरू ठेवा बरं का. गेरूचा लाल रंग ज्याच्यामुळे, ते हेमटाइट याच जातीचं, २०२१ मध्ये त्याच्याच पातळ थरात तापमान वरखाली करून अर्धे भोवरे, म्हणजे मेरॉन, तयार करून दाखवलेत. तुळशीवृंदावन रंगवणाऱ्या आज्या थांबून वाचतील.

खाडीपलीकडचा:
ठेवा, पण "हा शंभर टक्के प्रतिलोहचुंबक" असं लिहू नका, कोणीतरी मास्तर येऊन पकडेल. साधारण उणे १३ सेल्सिअसच्या वर हेमटाइटमधले बाण अगदी किंचित तिरके असतात, त्यामुळे थोडंसं चुंबकत्व उरतं. 'जवळपास' टाका.

ऐरोलीकर:
टाकलं. मथळा असा करतोय: "एकाआड एक उलट्या चुंबकातले न पुसणारे भोवरे, करंटच्या पिळाने कसे सरकवतात". 'न पुसणारे' वर कोणाचं काही?

खाडीपलीकडचा:
'सहज न पुसणारे'. मेमरीत पुसताही आलं पाहिजे ना.