लॉजिकल रेप्लिकेशन रात्री वारंवार तुटते: वॉल_सेंडर_टाइमआउट बंद करावे का?

प्रश्न

नमस्कार. आमच्याकडे पोस्टग्रेस १५ च्या मुख्य डेटाबेसमधून रिपोर्टिंगच्या सर्व्हरवर लॉजिकल रेप्लिकेशन (टेबलांमधील बदल दुसऱ्या डेटाबेसला सतत पाठवत राहणे) चालते. दिवसा काहीही अडचण नसते. रात्री मात्र हिशेबाच्या टेबलमधील लाखो रो एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये अपडेट करणारा जॉब संपला, की पब्लिशरच्या (बदल पाठवणाऱ्या मुख्य डेटाबेसच्या) लॉगमध्ये ‘टर्मिनेटिंग वॉलसेंडर प्रोसेस ड्यू टू रेप्लिकेशन टाइमआउट’ असा संदेश येतो, सबस्क्रायबर (बदल घेणारा रिपोर्टिंगचा सर्व्हर) पुन्हा जोडला जातो आणि थोड्या वेळाने पुन्हा तुटतो. वॉल_सेंडर_टाइमआउट (बदल पाठवणाऱ्या वॉलसेंडर प्रोसेसने उत्तराची वाट पाहण्याची मुदत) ६० सेकंदांवरून ५ मिनिटे केले, तर फक्त दोन संदेशांमधले अंतर वाढले. मध्ये फायरवॉल आहे, त्यामुळे संशय तिच्यावर आहे. हे मूल्य शून्य केले तर चालेल का?

उत्तर १

शून्य करू नये. तसे केल्यास खरोखर मेलेले कनेक्शनही पब्लिशरला जिवंत वाटत राहते, स्लॉट (सबस्क्रायबर कुठपर्यंत पोहोचला याची पब्लिशरवरची नोंद) ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसतो आणि नव्याने जोडू पाहणाऱ्या सबस्क्रायबरला तो मिळत नाही. मग भरवसा उरतो तो टीसीपी कीपअलाइव्हवर (कनेक्शन जिवंत आहे का हे ऑपरेटिंग सिस्टीमने तपासणे), आणि लिनक्सवर त्याची पहिली तपासणी मूळ सेटिंगनुसार २ तासांनी होते.

फायरवॉलवरचा संशय मला पटत नाही. शांत वेळेतही सबस्क्रायबर मूळ सेटिंगनुसार दर १० सेकंदांनी आपली स्थिती कळवतो, म्हणजे कनेक्शन निष्क्रिय राहतच नाही. आणि निष्क्रियतेमुळे ते तुटत असते, तर शांत वेळेत तुटले असते, मोठ्या जॉबनंतर नव्हे.

उत्तर २

वरील मताशी सहमत आहे. टाइमआउटची निम्मी मुदत उत्तराविना गेली, की वॉलसेंडर उत्तराची मागणी करणारा कीपअलाइव्ह संदेश पाठवतो. पण तो संदेश त्याच कनेक्शनवर आधी पाठवलेल्या बदलांच्या मागे रांगेत उभा राहतो. सबस्क्रायबरवरचा अप्लाय वर्कर (आलेले बदल टेबलला लावणारी प्रोसेस) ते बदल एकेक करून लावत असल्याने, एखादा बदल लॉकमुळे अडला किंवा प्रत्येक रो शोधायलाच वेळ लागू लागला, तर नेटवर्क उत्तम असूनही उत्तर मुदतीत पोहोचत नाही. कनेक्शन तुटले की अर्धवट ट्रान्झॅक्शन रद्द होते आणि सगळे काम पहिल्यापासून सुरू होते. स्लॉटचा कन्फर्म्ड_फ्लश_एलएसएन (सबस्क्रायबरने पोहोच दिलेली शेवटची जागा) पुढे सरकत नाही, म्हणून पब्लिशरवर वॉल फायलीही (बदलांच्या नोंदींच्या फायली) साचत जातात. ती डिस्क आजच पाहून घ्या.

त्या टेबलला प्रायमरी की (प्रत्येक रो वेगळा ओळखणारे रकाने) आहे का? नसल्यास रेप्लिका आयडेंटिटी (बदललेला रो सबस्क्रायबरवर कशावरून ओळखायचा ते सेटिंग) काय ठेवली आहे? जॉबनंतर सबस्क्रायबरवर पीजी_स्टॅट_यूजर_टेबल्समधील सीक_स्कॅनचा (टेबल किती वेळा सुरुवातीपासून वाचले गेले त्याचा) आकडाही पाहून कळवा.

प्रश्नकर्ता

प्रायमरी की नाही. रेप्लिका आयडेंटिटी ‘फुल’ (पूर्ण जुन्या रोवरून ओळख) आहे. सीक_स्कॅनचा आकडा प्रचंड वाढलेला दिसतो. बिल क्रमांक आणि ओळ क्रमांक ही जोडी मात्र प्रत्येक रोसाठी वेगळी असते आणि दोन्ही रकाने कधीच रिकामे नसतात.

उत्तर २

मग कारण सापडले. १५ व्या आवृत्तीत सबस्क्रायबरवर प्रायमरी की किंवा रेप्लिका आयडेंटिटीचा इंडेक्स नसेल, तर ‘फुल’ असताना प्रत्येक अपडेटसाठी टेबल सुरुवातीपासून वाचले जाते. इतर बी-ट्री इंडेक्स वापरण्याची सोय १६ पासून आली. सबस्क्रिप्शन थोडा वेळ थांबवून सबस्क्रायबरच्या टेबलवर त्या जोडीची प्रायमरी की तयार करा आणि सबस्क्रिप्शन पुन्हा सुरू करा. पब्लिशरवरचे ‘फुल’ तूर्त तसेच राहू दिले तरी ती की वापरली जाते. पुढे सवडीने पब्लिशरवरही प्रायमरी की देऊन ‘फुल’ काढून टाका, म्हणजे अपडेटमागे जुना पूर्ण रो वॉलमध्ये लिहिला जाणार नाही.

साचलेले काम उरकेपर्यंत वाढीव मुदत हवी असेल, तर ती संपूर्ण सर्व्हरला न देता ‘ऑल्टर रोल’ने फक्त रेप्लिकेशनच्या युजरला द्या, ती पुढच्या कनेक्शनपासून लागू होते. मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज (स्लॉटसाठी किती वॉल राखून ठेवायचे याची मर्यादा) घातले असेल, तर सबस्क्रिप्शन थांबवण्यापूर्वी ते तपासा, कारण ती मर्यादा ओलांडली गेली तर स्लॉट निकामी होऊन टेबलांची प्रत नव्याने घ्यावी लागेल.